कागदावरचे एकशे ऐंशी

सिल्वासा,
सोमवार, ११ जुलै १९८८

प्रिय भास्करदादा,

किती महिन्यांनी पत्र, आणि तेही कामाचं, म्हणून फुगून बसू नकोस. मावशीला माझा नमस्कार सांग. बाकीची खुशाली पुढच्या वेळी, आज माझं डोकं ठिकाणावर नाही.

दोन वर्षांपूर्वी राखोली रस्त्यावर आमच्या शाळेची इमारत उभी राहिली, तेव्हा तू माझ्या शब्दाखातर ठाण्याहून आला होतास. वर्गावर्गात फिरून पंखे मोजलेस, ट्यूबलाइट मोजल्यास, पंपाच्या खोलीत डोकावलास आणि संस्थेला एक कागद करून दिलास. 'ही शाळा महिन्याला एकशे ऐंशी युनिट वीज वापरेल' असं लिहून खाली ऐटीत सही. आमचे कार्यवाह भगवंतराव त्या कागदावर इतके खूश झाले की काच लावून तो त्यांनी माझ्या ऑफिसात टांगला. मुख्याध्यापिका मी आणि भिंतीवर सही तुझी. चेष्टा म्हणून मी ते खपवून घेतलं. आता त्या कागदाकडे बघायची मला भीती वाटते.

गेल्या शुक्रवारी मीटरवाला येऊन गेला. आठ जूनला शाळा उघडली, आठ जुलैपर्यंत तीनशे चाळीस युनिट. भगवंतराव छत्री झटकत आले, एकदा मीटरचा आकडा बघितला, एकदा तुझा कागद. "बाई, एवढा शिकलेला माणूस खोटा हिशेब करील का? मग वरची वीज खातंय कोण?" त्यांनी विचारलं आणि उत्तरही त्यांनीच दिलं. नथू.

नथू आमचा शिपाई. नंदुरबारकडचा. बायको चिमाबाई राखोलीच्या सूत कारखान्यात जाते, नवरा-बायको शाळेच्या मागे पत्र्याच्या खोलीत राहतात. शाळेत चोवीस तास तोच असतो, म्हणून चोर तोच. त्याच्या खोलीची झडती झाली, दादा. मी उभी होते. दोन विटांची चूल, एक चिमणी, एक ट्रंक. वायरचा तुकडाही नाही. नथू दाराशी उभा राहून एवढंच म्हणाला, "मी चोर नही शे, बाई." तो माझ्याकडे बघून म्हणाला, भगवंतरावांकडे बघून नाही.

तरी ऐकतील तर ते भगवंतराव कसले. पंधरा ऑगस्टपर्यंत या जास्तीच्या विजेचा पत्ता लागला नाही तर झेंडावंदन झाल्यावर नथूने खोली खाली करायची, असं ठरलंय. मेन स्विचवर लोखंडी पेटी बसवून तिला कुलूप घातलंय. मेन आधी नथूच्या हाती असायचा, आता पेटीची किल्ली माझ्या पदराच्या गाठीला आहे. "तुम्ही शिकलेल्या, तुमच्यावर भरवसा," असं म्हणून दिली.

एक विचारते. तुझ्या हिशेबात चूक होऊ शकते का? पंखे जास्त ओढत असतील, पंप म्हातारा झाला असेल, काहीही. 'माझा अंदाज कमी पडला' अशा दोन ओळी मला संस्थेच्या नावाने लिहून पाठव. तुझं काय जाणार आहे? इथे एका माणसाचं घर जायची वेळ आलीय. मला झोप लागत नाही.

लवकर लिही.

तुझी,
सुलभा


ठाणे,
रविवार, १७ जुलै १९८८

चि. सुलूस,

माझं काय जाणार आहे म्हणतेस? माझी अब्रू जाणार आहे. दादरच्या ज्या ऑफिसात मी अकरा वर्षं इमारतींच्या विजेचे हिशेब करतो, तिथे माझा आकडा साहेबसुद्धा पुन्हा तपासत नाहीत. शाळा, बँका, दोन मंगल कार्यालयं, सगळी माझ्या कागदावर उभी आहेत. आणि माझी बहीण म्हणते, चुकलो असं लिहून दे.

तरी तुझं मन मोडवलं नाही म्हणून हिशेब पुन्हा मांडला. वेळच वेळ आहे. मागच्या आठवड्यात एका साइटवर शिडीवरून घसरलो, पाय प्लास्टरमध्ये आहे आणि आणखी चार आठवडे मी खाटेवर. आई उठता-बसता ऐकवते. तेव्हा तीनदा मांडला, नीट बघ. चौदा पंखे, प्रत्येकी साठ वॅट, सहा तास, महिन्याचे चोवीस दिवस: एकशे एकवीस युनिट. सोळा ट्यूबलाइट दोन तास: अडतीस. पंप रोज एक तास: अठरा. घंटा आणि ऑफिसचा दिवा धरून एकशे ऐंशी. पंखा म्हातारा झाला म्हणून दुप्पट खात नाही, सुलू. माणसासारखं नसतं त्याचं.

तेव्हा दोनच गोष्टी शक्य आहेत. मीटर पळतोय, किंवा कुणीतरी ओढतंय. तुझ्या नथूबद्दल मी काही बोलत नाही, पण तुझ्या दयेचा मीटर लहानपणापासून जोरात पळतो हे मला ठाऊक आहे. झडतीच्या दिवशी कोण वायर लावून बसेल? इथे मी अशा किती गोष्टी बघितल्यात. शेगड्या, इस्त्र्या, पाणी तापवायचे रॉड. तुझ्याच शिक्षिका स्टाफरूममध्ये चहा उकळत असतील, तेही बघ.

आता मी सांगतो ते कर. येत्या शनिवारी शाळा सुटली की प्रत्येक दिवा, पंखा, पंप स्वतःच्या हाताने बंद कर. मेन चालूच ठेव. मीटरचा आकडा लिहून घे. सोमवारी सकाळी कुणी बटण दाबायच्या आत पुन्हा वाच. आकडा हलला नसेल तर चोर दिवसा येतो. हलला असेल तर रविवारी शाळेत कोण असतं ते तूच सांग. आणि जुनी रीडिंग असतील तर तीही पाठव. उन्हाळ्याच्या सुट्टीतली, गेल्या पावसाळ्यातली, सगळी.

घाबरू नकोस. आकड्याला घाबरायचं नसतं, त्याला विचारायचं असतं.

तुझा,
भास्कर


सिल्वासा,
सोमवार, २५ जुलै १९८८

प्रिय भास्करदादा,

हे पत्र वाचून झालं की जाळून टाक.

तू चहा उकळणाऱ्या शिक्षिकांबद्दल लिहिलंस, तिथे मी उठून ऑफिसचं दार लावून घेतलं. शेगडी माझी आहे. हजार वॅटची, कॉइलची, ऑफिसच्या मागच्या सामानाच्या खोलीत खडूंच्या खोक्याआड. टोकरखाड्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीला वीज नाही, रॉकेल मिळत नाही. हे चिपळूणला आणि मी इथे एकटी. दुकानाच्या रांगेत उभी राहू की शाळा उघडू? सकाळी चहा आणि दुपारचा वरणभात, दिवसाला धरून दोन तास. डिसेंबरपासून चालू आहे.

आणि नथूला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. भात शिजत असला की तो दाराबाहेर स्टूल टाकून बसायचा, कुणी आलं तर खोकायचा. झडतीच्या दिवशी माझ्याकडे का बघितलं, कळलं ना? त्याने तोंड उघडलं असतं तर भगवंतरावांनी तिथल्या तिथे मला घरी पाठवलं असतं. तो गप्प राहिला. मीही गप्प राहिले. दादा, मला माझीच लाज वाटते आणि तरी बोलायची हिंमत होत नाही. नोकरी गेली तर यांच्या एकट्याच्या पगारात सासरची सहा माणसं, तू जाणतोस.

एकोणीस तारखेला तुझं पत्र आलं आणि त्याच दिवसापासून शेगडी बंद केली. वाटलं, माझी शेगडी वजा केली की आकडे जुळतील, मग मीटर आपोआप खाली येईल, भगवंतराव विसरतील आणि कुणालाच काही सांगावं लागणार नाही. असा भेकड हिशेब मी केला.

तू सांगितलंस तसं शनिवारी साडेपाचला सगळं स्वतः बंद केलं. पंपाच्या खोलीतही जाऊन आले. आकडा लिहिला. मग सहज मीटरकडे बघत राहिले, तर आतली चकती फिरत होती. सावकाश, पण फिरत होती. शाळेत एक दिवा चालू नाही, पंखा नाही, शेगडी तर माझ्या घरी नेलेली. मी पुन्हा सगळ्या वर्गांतून फिरून आले. चकती फिरतच होती. रिकामी इमारत, बाहेर पाऊस, आणि आत काहीतरी जेवतंय असं वाटत होतं.

आज सकाळी साडेसातला वाचलं. सहा युनिट.

आता मला नथूचाच संशय येतो, हे सांगायला जीभ वळत नाही. पण दुसरं कोण होतं तिथे? मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही पण?" आणि झाडू घेऊन निघून गेला. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. पण दुपारी चिमाबाईने माझ्यासाठी भाकरी पाठवली. शेगडी बंद झाल्यापासून मी चिवड्यावर दिवस काढते, हे त्याला दिसतं ना.

जुनी रीडिंग मागच्या पानावर लिहिलीत. मे महिन्यात शाळेला कुलूप, तरी एकतीस युनिट. गेल्या वर्षी मार्चमध्ये एकशे सत्त्याऐंशी, पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोनशे तीस. तेव्हा माझी शेगडी नव्हती. तुला त्यात काही दिसतं का बघ. माझी शेगडी वजा करून काय उरतं तेही सांग, मला गणित सुचत नाही.

मुलांनीही डोकं उठवलंय. पाण्याच्या ओट्यावर रोज गर्दी करतात. नळाचं नाव 'गुदगुल्या नळ' ठेवलंय आणि कोण जास्त वेळ धरून राहतं याच्या पैजा लावतात. तिसरीतली सोनी तर परवा रडत आली, "बाई, नळ चावस." मी तिला नीट बोलायला शिकवलं आणि पैजा लावणाऱ्या दोघींना वर्गाबाहेर उभं केलं. चिखल नको म्हणून ओट्यावर चपला काढून चढायचा नियम मी जूनपासून केलाय, तेवढा मात्र सगळे पाळतात.

काय करू ते लिही. पंधरा ऑगस्ट जवळ येतोय.

सुलभा


तार
ठाणे, ३० जुलै १९८८
मुख्याध्यापिका सुलभा, मराठी शाळा, राखोली रस्ता, सिल्वासा

मेन स्विच ताबडतोब बंद कर. नळाला कुणीही हात लावू नये. पत्र मागाहून. भास्कर


ठाणे,
शनिवार, ३० जुलै १९८८

सुलू,

दुपारी तुझं पत्र मिळालं. शेजारच्यांना पळवून तार केली आहे. ती आजच मिळावी. मिळाली असेल तर हे पत्र बसून वाच. मिळाली नसेल तर पत्र टाक, पळ आणि आधी मेन बंद कर. तुमच्याकडे फोन नाही, भगवंतरावांचा नंबर माझ्याकडे नाही. पाय या अवस्थेत नसता तर मीच निघालो असतो.

नथूने काही केलेलं नाही.

तुझी शेगडी महिन्याला अठ्ठेचाळीस युनिट. माझे एकशे ऐंशी आणि ते मिळून दोनशे अठ्ठावीस. तीनशे चाळीसमधून उरले एकशे बारा. शनिवार ते सोमवार अडतीस तासांत सहा युनिट, म्हणजे सतत दीडशे वॅटच्या आसपास. हाच दर महिनाभर चालला तर बरोबर एकशे बाराच होतात. म्हणजे तुमच्या शाळेत दीडशे वॅटचा एक दिवा दिवसरात्र जळतोय, सुट्टी नाही, रविवार नाही, आणि तो कुणाला दिसत नाही. चोर इतका नेमाचा नसतो. चोर कधी झोपतो, कधी गावाला जातो. आणि तुझी रीडिंग मुलांच्या हजेरीप्रमाणे चढत नाहीत, पावसाप्रमाणे चढतात. कोरड्या मेमध्ये थोडी, ओल्या महिन्यांत भरमसाट.

वीज गळतेय, सुलू. वायरचं आवरण फाटलंय आणि तिथून ती ओल्या जमिनीत मुरतेय. इतक्याशा गळतीने फ्यूज उडत नाही, त्याला खबरही लागत नाही. फक्त मीटर मोजत राहतो. पंधरा दिवस मी त्याला खोटं ठरवलं आणि तो एकटाच खरं बोलत होता.

हे सगळं मला आकड्यांवरून कळायला हवं होतं. पण कळलं ते त्या मुलीच्या वाक्यावरून. नळ चावतो. रबरी चपला घातलेल्या तुला तो चावणार नाही. ओल्या ओट्यावर अनवाणी उभ्या असलेल्या पोरांना चावतो.

आता माझं ऐक, आणि मग मला काय म्हणायचं ते म्हण. पंपाकडे जाणारी वायर कुठून गळत असेल ते मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी मी पंपाच्या खोलीत गेलो तेव्हा ती वायर पाण्याच्या लोखंडी पाइपालाच सुतळीने बांधलेली होती. मी भगवंतरावांना म्हटलं, हे बरं नाही, वेगळी नळी टाकून न्या. ते म्हणाले, करून घेऊ, तुम्ही कागद तर द्या. मी कागद दिला. हिशेबाच्या कागदात पंखे, दिवे आणि तास असतात, सुतळीला रकाना नसतो, अशी मी माझी समजूत घातली. जेवायची वेळ झाली होती आणि तू सोलकढी केली होतीस.

मला भीती वाटतेय, सुलू. इतकी भीती मला शिडीवरून पडतानाही वाटली नाही. तार मिळाल्याचं लगेच कळव.

भास्कर


ठाणे, ४ ऑगस्ट १९८८ (कार्ड)

सुलू, तार मिळाली का? पत्र मिळालं का? पोस्टमन रोज दारावरून तसाच पुढे जातो. आई विचारते, काय झालंय, मी काही नाही म्हणतो. एका ओळीचं कार्ड टाक. मुलं ठीक आहेत एवढंच लिही. भास्कर


सिल्वासा,
सोमवार, ८ ऑगस्ट १९८८

प्रिय भास्करदादा,

मुलं ठीक आहेत. हे आधी लिहिते, कारण तू तेवढंच शोधत असशील.

तुझी तार शनिवारी आली नाही. पावसाने लाइन बंद होती म्हणे. ती सोमवारी, एक तारखेला, सकाळी अकराला शाळेत आली. मी पाचवीच्या वर्गावर होते. पोस्टमनने ती नथूच्या हातात दिली, त्याचा अंगठा घेतला आणि गेला.

नथूला अक्षरओळख नाही. पण तार म्हणजे काय हे त्याला माहीत आहे. त्याच्या गावात आजवर दोन तारा आल्या, दोन्ही माणूस गेल्याच्या. आणि वाईट बातमी उपाशी माणसाच्या कानावर घालायची नाही, हे त्यालाच काय, तुला-मलाही लहानपणापासून शिकवलेलं आहे. आजोबा गेले तेव्हा मावशीने आपल्या सगळ्यांना आधी दोन घास खायला लावले होते, आठवतं? नथूने तार खिशात ठेवली. मधल्या सुट्टीत तो चिमाबाईची भाकरी आणि ठेचा घेऊन आला. आठ दिवसांनी पहिल्यांदा नीट बोलला. "बाई, आधी जेवी ल्या. मग तुमच्याकडे एक काम आहे."

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. वाटलं, राग गेला. मी त्याला म्हटलं, आज संध्याकाळी मी भगवंतरावांना शेगडीचं सांगणार आहे. तो म्हणाला, "राहू द्या, जेवा." आणि मी जेवले. सावकाश जेवले, दादा. दुसरी भाकरीही घेतली.

तेवढ्यात ओट्यावरून ओरडा आला. पंप चालू होता, नळाची धार मोठी होती. सोनी नळाला चिकटली होती. तिचा आवाज येत नव्हता, बाकीच्या ओरडत होत्या. नथू आधी मेनच्या पेटीकडे धावला. कुलूप. त्याने ते दोन्ही हातांनी ओढलं, मग वळून माझ्याकडे बघितलं. मी पदराची गाठ सोडत होते. गाठ पावसात भिजून आवळली होती, माझी बोटं ठेच्याने माखलेली होती. मी दातांनी सोडायला लागले. तो थांबला नाही. ओट्यावर उडी मारली, सोनीच्या फ्रॉकला धरून तिला हिसका दिला, ती चिखलात फेकली गेली. पण तो स्वतः पाय घसरून पडला आणि उजवा हात पाइपावर गेला.

मी किल्ली लावून खटका खाली ओढला तोवर किती वेळ गेला? तू विचारशील. तुला आकडा लागतो. माझ्याकडे आकडा नाही. मेन नथूच्या हाती होता तेव्हा त्यावर ना पेटी होती ना कुलूप, एवढंच मला ठाऊक आहे.

सोनीला दोन दिवस ताप होता, आता ती घरी आहे. नथू जिवंत आहे. पहिले तीन दिवस डॉक्टर काहीच सांगत नव्हते. उजव्या हाताची दोन बोटं कापावी लागली. चिमाबाईने दवाखान्यात त्याचा ओला सदरा पिळताना खिशातून कागद काढला आणि माझ्याकडे दिला, "बाई, हाई तुमनी तार." मी ती व्हरांड्यात उभी राहून वाचली.

तुझं तीस तारखेचं पत्र शाळेत आलं ते भगवंतरावांनी उघडलं, मी दवाखान्यात होते. सुतळीचं वाचल्यापासून त्यांचा आवाज खाली आलाय. पण माणूस हुशार. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बाई, पत्रात तारेचा उल्लेख आहे. तार आली होती ना? मग ती दाबली कुणी? दाबली नसती तर हे झालंच नसतं." त्यांना पुन्हा नथूच हवा होता.

या वेळी मी गप्प राहिले नाही. संस्थेला सगळं लिहून दिलं. शेगडी माझी. किल्ली माझ्याकडे. चपलांचा नियम माझा. सोनीने नळाबद्दल सांगितलं ते मी ऐकलं नाही. आणि तार अकरा वाजता माझ्या हातात आली, पण घरची वाईट बातमी असेल या भीतीने मी ती जेवण होईपर्यंत उघडली नाही, असं लिहिलं. सगळ्यांना पटलं. बायका घाबरतात, हे कुणालाही पटतं. पोस्टाच्या वहीत नथूचा अंगठा आहे, तो बघायला कुणी गेलं तर माझं काही खरं नाही. रोज वाटतं, आज कुणीतरी जाईल. तुला कुणी विचारलं तर माझं हेच म्हणणं खरं धर. तेवढं कर.

मला कामावरून थांबवलंय. नथूने चोरी केली नाही, असं मात्र भगवंतरावांकडून लेखी घेतलं. तुझा कागद मी भिंतीवरून उतरवला आहे. वायर काढलीय, मेन बंद आहे, वर्ग अंधारात भरतात. मीटर परवा बघून आले. चकती थांबलीय. तरी मी पाच मिनिटं उभीच होते.

काल नथू पहिल्यांदा नीट बोलला. हाताला बँडेज, ओठ सुजलेले. चिमाबाईला बाहेर जायला सांगितलं आणि हळूच मला विचारलं, "बाई, तारमा कोण गयं?"

तार कशाची होती हे त्याला सांगायचं? त्या हाताकडे बघत सांगायचं? मी म्हटलं, "कुणी नाही गेलं, नथू. माझ्या भावाला मुलगी झाली, त्याची तार होती."

तो एकदम हसला, दादा. मग वाईट वाटून म्हणाला, "मंग मी उगाच खिसामा दपाडी ठेवी. तुम्हाला सकाळीच आनंद झाला असता." थोड्या वेळाने म्हणाला, "पेढा पाहिजे आते."

खरं काय ते त्याला कधीतरी कळेलच. आधी त्याचा हात भरून येऊ दे, चार घास जाऊ देत पोटात. शनिवारी तुझं प्लास्टर निघालं की तू येशील, तेव्हा तो तुला मुलीचं नाव विचारील. काहीतरी ठरवून ये. आणि पेढे घेऊन ये, वापी स्टेशनबाहेर चांगले मिळतात.

तुझी,
सुलभा